श्रीलंका-मालदीवला जायचं म्हणता? गावातले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

चिमूर तालुक्यात ताडोबाच्या बफरला लागून आमचं गाव. २०२४ च्या मे महिन्यात गावातले आणि बाजूच्या दोन गावांतले मिळून आम्ही १९ जण श्रीलंकेला जाऊन आलो. मग २०२५ च्या फेब्रुवारीत, कापूस वेचून झाल्यावर, मी आणि बायको मालदीवला पाच दिवस राहिलो. तेव्हापासून लग्नात भेटो, बाजारात भेटो की मयतीत, लोक हेच विचारून राहिले. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो. घरी दोन खोल्यांचा होमस्टे आहे, पाच एकर पऱ्हाटी आहे, त्यामुळं टुरिस्टच्या पैशावर गाव कसं चालते आणि कसं बसते हे मला दोन्ही बाजूंनी दिसते. म्हणून काही उत्तरं लांब होतील, वाचून घ्या.

हे दोन देश आहेत केवढे? एकाच फेरीत दोन्ही होते काय?

श्रीलंका आपल्या विदर्भापेक्षा लहान आहे. विदर्भ ९७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, श्रीलंका ६५ हजार ६१०. लोकसंख्या मात्र जवळपास सारखीच, सव्वादोन कोटीच्या आसपास. मालदीवची गोष्टच वेगळी. जवळपास १२०० बेटं, पण सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर फक्त २९८ चौरस किलोमीटर. ताडोबाचा नुसता कोअर, म्हणजे आतलं जंगल, ६२५ आहे, म्हणजे अख्खा देश आपल्या कोअरच्या अर्धाही नाही! आणि तेवढी जमीन उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरच्या वर पसरली आहे, नागपूरपासून मुंबईपर्यंत समुद्रात तांदळाचे दाणे फेकल्यासारखी.

कोलंबोहून मालदीवच्या राजधानीला, मालेला, विमान दीड तासात जाते. युरोपातले लोक दोन्ही एकत्रच करतात, आधी श्रीलंकेचे डोंगर मग मालदीवचा समुद्र. पैसे आणि सुट्टी असेल तर आपणही करू शकतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं एकच देश पहावा असं माझं मत आहे.

जायचं कसं?

नागपूरहून कोलंबोला सरळ विमान नाही. आम्ही बल्लारशाहून रेल्वेनं चेन्नईला गेलो आणि तिथून विमानानं कोलंबो, सव्वा तासाचं अंतर. स्वस्त पडलं आणि म्हाताऱ्या माणसांना गाडीत झोपता आलं. तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेच्या कांकेसंतुरईला बोटही जाते, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मधे बंद पडली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. समुद्र खवळला की बोट रद्द होते, त्यामुळं पुढची सगळी बुकिंग तिच्या भरवशावर करू नका.

मालदीवला आम्ही बंगळुरूवरून गेलो.

खर्च किती येते?

श्रीलंकेला आठ दिवस, माणशी ५८ हजार पडले. त्यात रेल्वे, विमान, मिनीबस, साधी हॉटेलं, जेवण आणि तिकिटं सगळं आलं. मालदीवला दोघांचे मिळून १ लाख २० हजार, आणि तेही गावातल्या गेस्टहाऊसमध्ये राहिलो म्हणून. रिसॉर्टमध्ये एवढ्या पैशात दोन रात्री निघाल्या असत्या की नाही शंकाच आहे.

मालदीवमध्ये काही पैसे वरून लागतात, ते आधीच माहीत असू द्या. जानेवारी २०२५ पासून ग्रीन टॅक्स दुप्पट झाला, छोट्या गेस्टहाऊसमध्ये माणशी रोज ६ डॉलर आणि रिसॉर्टमध्ये १२ डॉलर. बिलावरचा टुरिझम जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. परत येतानाचा एअरपोर्ट टॅक्सही डिसेंबर २०२४ पासून वाढला, तो तिकिटातच लागून येते.

श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालते, पण खेड्यात किंवा देवळाजवळच्या फुलवालीकडं चालणार नाही, थोडे श्रीलंकन रुपये खिशात असू द्या.

पासपोर्ट-व्हिसाचं काय? एजंट लागते काय?

पासपोर्टसाठी एजंट लागत नाही. साध्या ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये, फॉर्म ऑनलाइन भरायचा, नागपूरच्या सेवा केंद्राची किंवा जवळच्या पोस्ट ऑफिसातल्या केंद्राची तारीख घ्यायची. आधार, टीसी आणि मतदार कार्डावर नाव एकसारखं आहे का ते आधी पहा. आमच्यातल्या चौघांचं काम तिथंच अडकलं, कोणाचं नाव एका जागी रमाबाई तर दुसऱ्या जागी रमा.

मालदीवचा व्हिसा भारतीयांना पोचल्यावर फुकट मिळते, फक्त निघायच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असते. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढायचं. त्याची फी आणि सवलती मधे मधे बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच सरकारी साइट पहायची.

एक सांगतो. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना श्रीलंकेचा व्हिसा फुकट होता. तरी आमच्यातल्या सहा जणांकडून एका एजंटनं व्हिसाचे म्हणून माणशी साडेतीन हजार घेतले. मजुरी करून जमवलेले पैसे होते ते. मला कळलं तोवर पैसे देऊन झाले होते, मग भांडून अर्धे परत आणले. हे पान लिहायचं खरं कारण तेच आहे.

श्रीलंका तर दिवाळखोर झाली होती नं? आता जाणं ठीक आहे काय?

ठीक आहे, पण काय झालं ते समजून जा, म्हणजे तिथल्या माणसाशी नीट बोलता येईल.

२०१८ मध्ये २३ लाखांवर टुरिस्ट आले होते, तेव्हाचा रेकॉर्ड. लोकांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या, गाड्या घेतल्या. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली. त्यातून उठतात न उठतात तर कोरोना. २०२१ मध्ये वर्षभरात दोन लाखही टुरिस्ट आले नाहीत. त्यात सरकारनं २०२१ मध्ये एका झटक्यात रासायनिक खताची आयात बंद केली, आता सगळी शेती सेंद्रिय म्हणून. धान आणि चहा दोन्ही बसले आणि काही महिन्यांत निर्णय मागं घ्यावा लागला. युरियाची गाडी आठ दिवस उशिरा आली तर आपल्याकडं काय होते ते आपल्याला माहीत आहे, तिथं तर अख्ख्या देशाचं खत बंद केलं होतं. डॉलर संपले, पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगा, एप्रिल २०२२ मध्ये देशानं कर्ज फेडू शकत नाही असं जाहीर केलं आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून पळाले. त्या वर्षी भारतानं जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली. आमच्या मिनीबसचा ड्रायव्हर हे तीनदा बोलला, आणि दर वेळी हात छातीवर ठेवून.

त्याची गोष्ट सांगतो. त्यानं २०१८ मध्ये कर्जावर गाडी घेतली होती. चार वर्षं ती घरासमोर उभी. हप्ते भरायला आधी बायकोचं सोनं गेलं, मग नारळाची अर्धी बाग. तो सांगून राहिला होता आणि मला आपल्याकडचं २०१७ चं साल आठवून राहिलं होतं, गुलाबी बोंडअळीचं. सगळ्या वावरात एकच पीक, आणि तेच गेलं की घरात दुसरं काही नाही. बेटावरच्या देशांचं टुरिझम तसंच आहे. कपाशीसारखं नगदी आहे, पैसा चटकन येते, म्हणून सगळे तेच पेरतात.

आता टुरिस्ट परत आले आहेत. २०२४ मध्ये २० लाखांवर, आणि २०२५ मध्ये २३ लाखांच्या वर जाऊन २०१८ चा रेकॉर्डही मोडला. त्यात सगळ्यात जास्त आपले भारतीय, २०२५ मध्ये ५ लाखांच्या वर. पण एक आकडा नीट पहा. २०१८ मध्ये त्यांची टुरिझमची कमाई ४.४ अब्ज डॉलरच्या जवळ होती, २०२५ मध्ये माणसं जास्त येऊनही ती ३.२ अब्जाच्या आसपास राहिली. क्विंटल वाढले, भाव पडला. त्यामुळं तिथले लोक आता म्हणतात की मोजून माणसं आणण्यापेक्षा जास्त दिवस राहणारी माणसं पाहिजेत, आणि मला ते पटते.

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी तिथं दितवा चक्रीवादळ आलं, सहाशेच्या वर माणसं गेली, डोंगराचे कडे कोसळले, कँडीपासून वरची रेल्वे लाइन ठिकठिकाणी तुटली. त्या लाइनवरच्या निळ्या रेल्वेगाडीत दारात उभं राहून फोटो काढायचं मनात घेऊन जाणार असाल तर आधी चौकशी करा की कोणत्या स्टेशनपासून कुठवर गाडी चालू आहे.

आम्ही बौद्ध आहोत, अनुराधापूरला जायचं आहे. काय पहायचं?

आमच्या १९ पैकी १४ जण यासाठीच आले होते, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

अनुराधापूरचा श्री महाबोधी वृक्ष म्हणजे बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा थेरी हिनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नेलेली. माणसानं लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत हे जगातलं सगळ्यात जुनं मानतात. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरहून आणलेला. बाबासाहेब स्वतः १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. म्हणजे हे आपल्यासाठी परदेशातलं एखादं ठिकाण नाही, घरातलंच आहे.

आमच्या सोबत एक आजी होत्या, वय ७४, चिमूरच्या बाहेर फक्त दीक्षाभूमी आणि बुद्धगया पाहिलेली. पांढरं पातळ नेसून त्या चौथऱ्याखाली आल्या. झाड उंच चौथऱ्यावर आहे, सोन्याच्या मुलाम्याच्या टेकूंवर फांद्या तोललेल्या, हात पोचत नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग वाऱ्यानं एक पान खाली आलं, पिवळं पडलेलं, त्यांच्यापासून दोन हातांवर. एक सिंहली बाई ते उचलायला वाकली, तिनं आजीकडं पाहिलं आणि पान आजीच्या ओंजळीत ठेवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दोघींनी मिळून बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं, आणि ते मात्र दोघींचं सारखंच होतं. ते पान आता गावातल्या विहारात काचेच्या चौकटीत आहे.

आम्ही २३ मे ला, वैशाखी पौर्णिमेला तिथं होतो. त्याला तिकडं वेसाक म्हणतात. घराघरावर कागदाचे कंदील, आणि रस्त्यारस्त्यावर दानसल, म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव. पोरं रस्त्यात आडवी उभी राहून बस थांबवतात आणि जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. भात-भाजी, उकडलेले चणे, आइस्क्रीम, आणि बेलाच्या वाळलेल्या फुलांचं गोड गरम पेय, बेलिमल म्हणतात त्याला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात जसे जागोजागी जेवणाचे स्टॉल लागतात अगदी तसंच. फक्त एवढं ध्यानात ठेवा की वेसाकला दारू आणि मटणाची दुकानं बंद असतात आणि हॉटेलं दोन महिने आधीच भरतात.

तिथले तलावही नक्की पहा. अनुराधापूरच्या भोवती दोन हजार वर्षांपूर्वीचे तलाव आहेत, तिस्स वेव, नुवर वेव. वेव म्हणजे तलाव. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशी साखळी, आणि आजही त्यावर धान पिकते. आपल्या चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावांची आठवण येते. आपले कितीतरी गाळानं भरले, त्यांचे अजून भरून वाहतात. आमच्यातले दोघं जण पाळीवर बसून अर्धा तास नुसतं पाणी पाहत होते.

रामायणातली ठिकाणं आहेत काय?

आहेत. नुवारा एलियाजवळ सीता एलियाला सीता अम्मनचं मंदिर आहे, अशोकवाटिका म्हणून लोक तिथं जातात. आम्ही गेलो, बाजूला छान ओढा आहे. फक्त रामायण यात्रेच्या नावाखाली काही पॅकेजवाले आठ दिवसांत पंधरा ठिकाणं फिरवतात आणि माणूस बसमध्येच पिकते, ते टाळा.

म्हातारी माणसं झेपवतील काय?

अनुराधापूर, कँडीचं दंतधातू मंदिर, गॉलचा किल्ला हे झेपते. सिगिरियाच्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघ्याचा त्रास असेल तर खालच्या बागेतच बसवा. भारतीयांना तिथं सार्कवाल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांसाठीच्या, दराचं कमी तिकीट मिळते, पासपोर्ट सोबत ठेवा. मंदिरात चप्पल काढून चालावं लागते आणि मे महिन्यात फरशी तापते, तर जाड पांढरे मोजे न्या. हे आम्हाला तिथल्याच एका उपासकानं सांगितलं, नाहीतर आमच्या आज्यांचे पाय भाजले असते.

वाघ आहे काय तिकडं?

नाही. तिथं बिबट्याच सगळ्यात मोठा, आणि 'याला' नावाच्या नॅशनल पार्कात तो दिवसाढवळ्या दिसते. हत्ती मात्र भरपूर. मिन्नेरियाच्या तलावावर पाणी आटायच्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबर, शेकड्यांनी हत्ती जमतात. पण यालात एका बिबट्यामागं पन्नास जीप धावतात आणि त्याचं वाईट वाटते. आपल्याकडं मोहर्लीच्या बाजूला गेटवर जिप्सी मोजून सोडतात त्यावर लोक ओरडतात, पण मोजल्या नाहीत तर काय होते ते यालात जाऊन पहावं.

मालदीव आपल्यासारख्याले परवडते काय? ते तर सिनेमावाल्यांचं आहे.

दोन मालदीव आहेत, हे कोणी सांगत नाही.

पहिला रिसॉर्टचा. १९७२ मध्ये कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि तेव्हापासून एक बेट एक रिसॉर्ट अशी पद्धत पडली. टुरिस्ट विमानतळावरून सरळ रिसॉर्टच्या बेटावर, तिथून सरळ विमानतळावर. त्या देशाचं गाव, शाळा, मशीद, माणूस काही दिसत नाही. अन्न बाहेरचं, कामगार बरेचसे बाहेरचे, मालकही बरेचदा बाहेरचा.

दुसरा मालदीव लोकांचा. २००९ नंतर सरकारनं वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवायला मोकळीक दिली आणि साध्या घरातले लोक या धंद्यात आले. माफुशी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं बेट, मालेहून स्पीडबोटीनं अर्धा-पाऊण तास. आता अशी शेकडो गेस्टहाऊसं आहेत. आम्ही माफुशीहून लहान एका बेटावर राहिलो, सहा खोल्यांचं गेस्टहाऊस, मालक आधी मासेमारी करायचा.

सकाळी त्याची आई अंगणात हुनिगोंडीवर बसून नारळ खोवायची. हुनिगोंडी म्हणजे बसायच्या पाटाला पुढं दातेरी पातं लावलेलं, अगदी आपल्या पावशीची बहीण. माझी बायको पहिल्या दिवशी पहात उभी राहिली, दुसऱ्या दिवशी त्यावर बसून तिनं दोन नारळ खोवले, तिसऱ्या दिवशी दोघी मिळून करून राहिल्या होत्या. खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि ट्यूना मासा हातानं कालवायचा, मास हुनी म्हणतात, आणि सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. त्यांची धिवेही भाषा आणि सिंहली, दोन्ही मराठीच्या दूरच्या नात्यातल्या. सिंहलीत मोजून पहा, एक, देक, तुन, हतर, पह. आमच्या आज्या दोन दिवसांत दहापर्यंत मोजायला लागल्या होत्या!

माझं स्पष्ट म्हणणं आहे की आपल्या माणसानं गावच्या बेटावरच राहावं. स्वस्त पडते हे एक, पण आपला पैसा त्याच अंगणात राहते हे मोठं. ताडोबात मी हेच पाहतो. मोठ्या रिसॉर्टमध्ये वीस हजार रुपये रात्रीला देणारा पाहुणा आमच्या गावातून जाते, पण गावात त्याचे वीस रुपये उतरत नाहीत. होमस्टेत उतरलेल्या पाहुण्याचे पैसे किराणावाल्याला, दूधवाल्याला, गाइडला आणि भाकरी करणाऱ्या बाईला मिळतात.

नियम मात्र पाळा. वस्तीच्या बेटावर दारू नाही, पोहायच्या कपड्यात गावातून फिरायचं नाही, त्यासाठी वेगळा किनारा ठेवलेला असते. देशात डुकराचं मांस, दारू आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. छोटी मूर्ती सोबत ठेवायची सवय असेल तर घरीच ठेवा.

खर्रा नेता येते काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला. नाही. खर्र्यात सुपारीसोबत तंबाखू असते, आणि श्रीलंकेत चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. मालदीवमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून कायदाच झाला की १ जानेवारी २००७ किंवा नंतर जन्मलेल्या कोणालाही कोणतीही तंबाखू विकत घेता किंवा वापरता येणार नाही, टुरिस्टलाही नाही. आमच्यातल्या पाच जणांनी जायच्या महिनाभर आधीपासून सोडायला सुरुवात केली होती, त्यातल्या दोघांचा कायमचा सुटला.

भांडण झालं होतं नं मालदीवशी? आता गेलं तर लोक कसे वागतात?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, त्यांच्या फोटोंवर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाईट लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडं बॉयकॉट सुरू झाला. परिणाम आकड्यात दिसते. २०२३ मध्ये २ लाखांवर भारतीय गेले होते आणि आपण पहिल्या नंबरवर होतो, २०२४ मध्ये १ लाख ३० हजारांवर आलो. मे २०२४ पर्यंत भारताचे सैनिकही तिथून निघाले. नंतर दोन्हीकडून शहाणपण आलं, राष्ट्राध्यक्ष मुईझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला आले, जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या कार्यक्रमाला गेले आणि ४८५० कोटींचं कर्ज देऊ केलं.

आम्हाला कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. गेस्टहाऊसचा मालक म्हणाला की भांडण वरच्यांचं झालं आणि खोल्या आमच्या रिकाम्या राहिल्या. त्याला डिसेंबर २०१४ आठवत होता. मालेचा खारं पाणी गोड करायचा प्लांट आगीत बंद पडला आणि शहराला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा भारतानं विमानानं आणि जहाजानं पाणी पोचवलं. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्यांचं ताटही आपल्यावर आहे. २०२४-२५ साठी भारतानं त्यांना ३५ हजार ७४९ टन कांदा द्यायला परवानगी दिली होती, सोबत तांदूळ, साखर, बटाटे, अंडी.

मालदीव बुडणार म्हणतात, खरं आहे काय?

तिथली ८० टक्के जमीन समुद्रापासून एक मीटरही उंच नाही, सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्या आतली. धूर असाच सोडत राहिलो तर या शतकाच्या शेवटापर्यंत समुद्र मीटरभर चढू शकते असं शास्त्रज्ञ सांगतात. २००९ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पाण्याखाली बसून मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती ती याचसाठी, जगानं पहावं म्हणून.

पण बुडायच्या आधी दोन गोष्टी होतात. एक, प्यायचं पाणी खारं होते. दुसरं, प्रवाळ मरते. बेटाभोवतीचं प्रवाळ म्हणजे वावराचा धुरा समजा, लाटेचा जोर तोच तोडते. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ मेलं, कसंबसं भरून आलं तर २०१६ मध्ये पुन्हा. मी तोंडाला काच लावून पाण्यात पाहिलं. एका जागी रंगीत मासे, जिवंत जांभळं-पिवळं प्रवाळ, आणि वीस हातांवर नुसती पांढरी-राखाडी हाडं पडल्यासारखी. गाइडनं सांगितलं की त्याच्या लहानपणी हे सगळं जिवंत होतं. वय फक्त २८ त्याचं.

सरकार समुद्रात भराव टाकून हुलहुमालेसारखं उंच बेट उभं करून राहिलं, तिथं लोकांना नेऊन राहिलं. पण गाव उचलून नेणं सोपं नसते. २००४ च्या त्सुनामीत कंधोल्हुधू नावाचं बेट राहण्यालायक उरलं नाही, तिथले हजारो लोक चार वर्षं इकडं तिकडं राहिले, मग २००८ च्या शेवटी त्यांना धुवाफारू बेटावर नवी घरं मिळाली. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या गावातल्या माणसाला विचारा, घर मिळालं म्हणजे गाव मिळालं काय. तो काय सांगेल ते आपल्याला ठाऊक आहे.

तर तिथं गेल्यावर प्रवाळावर पाय देऊ नका, तुकडा उचलून आणू नका, कायद्यानंही मनाई आहे.

पोरगं हॉटेल मॅनेजमेंट करून राहिलं, तिकडं नोकरी लागेल काय?

लागू शकते, मालदीवच्या रिसॉर्टमध्ये भारतीय बरेच आहेत. राहणं-जेवण मिळते, आणि बिलावरचा १० टक्के सर्व्हिस चार्ज कामगारांत वाटावा लागते असा तिथला कायदा आहे, सीझनमध्ये तो पगाराएवढाही होते म्हणतात. पण बेटावर महिनोन्‌महिने तीच तीनशे माणसं आणि तोच समुद्र, पोराचा स्वभाव पाहून पाठवा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेला आहे का ते पहा, त्याला ३० हजार रुपये आणि त्यावरच्या जीएसटीपेक्षा जास्त फी घेता येत नाही. टुरिस्ट म्हणून जा, तिथं काम लावून देतो, असं म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका.

लक्षद्वीप किंवा मॉरिशस काहून नाही?

लक्षद्वीप आपलंच आहे, जरूर जा, पण परमिट लागते, वस्तीची बेटं फक्त दहा आणि जमीन ३२ चौरस किलोमीटर. तिथं मालदीवसारखी गर्दी लोटली तर चार वर्षांत वाट लागेल.

मॉरिशसला मला एकदा जायचंच आहे. तिथं दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पतवंडं आहेत, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. २०२० मध्ये वाकाशिओ जहाज खडकावर चढून तेल सांडलं तेव्हा लोकांनी तेल अडवायला उसाचा पाचोळा कापडात भरून समुद्रात आडवा लावला होता, शेतकरी माणसालाच असं सुचते.

हे शेजारी देश मिळून काही करतात काय, का एकमेकांचे गिऱ्हाईक ओढतात?

जास्त करून ओढतातच. दोघांनाही चिनी, रशियन, भारतीय, युरोपियन पाहुणा पाहिजे, दोघांचा सीझन डिसेंबर ते एप्रिल. सार्कची शिखर बैठक २०१४ च्या काठमांडूनंतर झालीच नाही, त्यामुळं एकत्र टुरिस्ट व्हिसा वगैरे काही नाही. तिकडं मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, रियुनियन, कोमोरोस या बेटांनी २०१० मध्ये व्हॅनिला आयलंड्स नावानं एकत्र जाहिरात सुरू केली. आपल्या बाजूला श्रीलंका, मालदीव आणि आपलं दक्षिण टोक मिळून असं काही झालं पाहिजे असं मला मनापासून वाटते. श्रीलंकेत भाजी पिकते, मालदीवमध्ये एक टोमॅटोही बोटीनं येते. एकाकडं वादळ आलं तर दुसऱ्यानं पाहुणे सांभाळावे. २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेत ३० हजारांच्या वर माणसं गेली, मालदीवच्या कितीतरी बेटांवरून पाणी आरपार गेलं, संकट दोघांवर एकाच सकाळी आलं होतं.

पुढची बारी कधी आहे? नाव कुठं द्यायचं?

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला अनुराधापूरचं ठरवून राहिलो आहोत, तूर निघाल्यावर मार्चमध्ये विहारात बैठक ठेवू. मे महिन्यात कोलंबोकडं पाऊस लागते, अनुराधापूर कोरडं आणि गरम असते, तर छत्री आणि टोपी दोन्ही लागतील. तोवर ज्यांचा पासपोर्ट नाही त्यांनी दिवाळीआधी अर्ज टाका, नावातला फरक आत्ताच दुरुस्त करून घ्या, आणि माझ्यासकट कोणालाही आगाऊ पैसे देऊ नका. तिकीट ज्याचं त्यानं, स्वतःच्या नावावर, स्वतः समोर बसून काढायचं. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी रविवारी संध्याकाळी घरी या, मी बसून काढून देतो.